गुणाकार माहीत, अवयव अज्ञात

गणित सोडविण्यास बसणारा मनुष्य सामान्यतः उत्तराच्या मागें लागतो. दिलेली माहिती त्या उत्तरापर्यंत पोंचविण्यास पुरेशी आहे किंवा नाहीं, हा विचार त्याच्या मनांत क्वचितच येतो. शाळेंतील पुस्तकानें त्याला तशी संवयच लाविलेली असते. पुस्तकांतील उदाहरण सुटावयाचेंच, त्याचें उत्तर एकच निघावयाचें आणि तें शेवटच्या पानावर छापलेलें असावयाचें, अशी त्याची खात्री असते. व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशपरीक्षांतून मात्र एक निराळ्याच जातीचा प्रश्न विचारण्यांत येतो. त्यांत उत्तर काढावयाचें नसतें. दोन विधानें दिलेलीं असतात; उत्तर निश्चित होण्यास पहिलें एकटें पुरें पडतें, दुसरें एकटें पुरें पडतें, दोन्हीं एकत्र घ्यावीं लागतात, कीं दोन्हीं मिळूनहि भागत नाहीं, एवढेंच सांगावयाचें असतें. परीक्षार्थींना हा प्रकार नवा आणि कांहींसा खट्याळ वाटतो. वस्तुतः तो फार जुना आहे. आणि त्याचा इतिहास पाहूं गेल्यास तो मूळ संख्यांच्या, म्हणजे एक व स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याहि संख्येनें निःशेष न भागल्या जाणाऱ्या संख्यांच्या, इतिहासाशीं जागोजाग गुंतलेला दिसतो.

भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, सिद्धांतशिरोमणि पुरा केला. त्यांतील बीजगणिताच्या अखेरीस 'भावित' नांवाचें एक लहानसें प्रकरण आहे. ज्या समीकरणांत दोन अज्ञात राशींचा परस्परांशीं गुणाकार येतो, त्यांचा विचार तेथें केला आहे. त्यांतील एक उदाहरण असें: दोन संख्या अशा सांगा कीं, पहिलीची चौपट आणि दुसरीची तिप्पट यांच्या बेरजेंत २ मिळविले असतां त्या दोन संख्यांचा गुणाकार यावा. अज्ञातें दोन, आणि माहिती मात्र एकाच वाक्याची. शाळेच्या नियमाप्रमाणें ही माहिती उघडच अपुरी आहे.

आचार्यांची रीत अशी. ४ आणि ३ हे दोन गुणक परस्परांनीं गुणावे, १२ येतात. त्यांत २ मिळवावे, १४ होतात. आतां १४ चे दोन अवयव पाडावे. एकांत ३ मिळविले कीं पहिली संख्या आणि दुसऱ्यांत ४ मिळविले कीं दुसरी संख्या हातीं येते. १४ चे मूळ अवयव २ आणि ७. तेव्हां त्याची फोड चारच प्रकारांनीं होऊं शकते: १ व १४, १४ व १, २ व ७, ७ व २. म्हणून पूर्ण आणि धन अशीं उत्तरेंहि चारच: ४ व १८, १७ व ५, ५ व ११, १० व ६. यांपैकीं कोणतेंहि ताडून पाहावें. दहाची चौपट चाळीस, साहाची तिप्पट अठरा, वर दोन, एकूण साठ. आणि दहा सख साठच. या रीतीची उपपत्ति आचार्यांनीं दोन प्रकारांनीं दिली आहे, एक क्षेत्राच्या आकृतीवरून आणि दुसरी राशींवरून. केवळ सूत्र सांगून ते थांबले नाहींत, हें येथें मुद्दाम नमूद करण्यासारखें आहे.

या उदाहरणाचें मर्म त्या १४ मध्यें आहे. मूळ वाक्यांतील २ च्या जागीं १ घातला तर १४ चे १३ होतात. १३ ही मूळ संख्या. तिची फोड १ व १३ याखेरीज होत नाहीं, आणि उत्तरें दोनच राहतात. २ च्या जागीं १२ घातले तर २४ होतात. २४ म्हणजे तीन वेळां २ आणि एकदां ३. त्याचे विभाजक आठ आणि उत्तरेंहि आठ. वाक्याची रचना तीच, एक आंकडा तेवढा निराळा. परंतु उत्तरांची संख्या दोनांवरून आठांवर जाते. माहिती किती अपुरी आहे याचें मोजमाप त्या संख्येचे मूळ अवयव करितात.

आतां त्याच चार उत्तरांवर परीक्षेंतला प्रश्न लावून पाहावा. पहिली संख्या दुसरीहून मोठी आहे असें सांगितलें, तर १७ व ५ आणि १० व ६ अशा दोन जोड्या उरतात. निर्णय होत नाहीं. दोन संख्यांची बेरीज १६ आहे एवढेंच सांगितलें, तर ५ व ११ आणि १० व ६ अशा दोन जोड्या उरतात. पुन्हां निर्णय नाहीं. दोन्हीं विधानें एकत्र केलीं कीं १० व ६ ही एकच जोडी राहते. आठ शतकांपूर्वींच्या या उदाहरणांत आजच्या परीक्षेचा प्रश्न असा आयता बसलेला आहे; कोणीं तो उलगडून काढावयाचा एवढेंच.

हें गणित एका व्यक्तीच्या पोथींतच पडून राहिलें नव्हतें. चाळीसगांवानजीक पाटण येथें, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्यापन चालावें म्हणून मठ स्थापिला होता. तो यादव राजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होता. मठाला दिलेल्या देणग्यांचा १२०७ सालचा शिलालेख तेथें सांपडला, तो डॉ. भाऊ दाजी यांनीं एकोणिसाव्या शतकांत विद्वानांपुढें आणिला. लेख संस्कृतांत असून त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठींत आहे. ग्रंथ शिकविण्याकरितां दाणागोटा आणि तेल लावून दिल्याचा उल्लेख मराठींतल्या अगदीं आरंभींच्या लेखांपैकीं एकांत यावा, ही गोष्ट मराठी वाचकास सुखविणारी आहे.

वरच्या विवेचनांत एक गोष्ट गृहीत धरली आहे. १४ चे मूळ अवयव २ आणि ७ हेच, दुसरे कोणतेच नव्हेत, याला आधार काय? लहान संख्येच्या बाबतींत तें डोळ्यांना दिसतें. परंतु वीस आंकडी संख्येचें काय? एखाद्या मूळ संख्येनें दोन संख्यांचा गुणाकार निःशेष भागला जात असेल, तर त्या दोहोंपैकीं एक तरी तिनें भागली गेलीच पाहिजे, हें युक्लिडनें इसवी सनापूर्वीं सुमारें ३०० वर्षें आपल्या ग्रंथाच्या सातव्या स्कंधांत सिद्ध केलें. प्रत्येक संख्येची मूळ अवयवांत फोड एकाच प्रकारें होते, हा पुरा सिद्धांत मात्र जर्मन गणिती गाऊस यानें १८०१ साली शब्दांत मांडून सिद्ध केला. त्याचा अर्थ असा कीं, संख्या माहीत असली म्हणजे तिच्या मूळ अवयवांविषयींची सर्व माहिती तींतच आहे. बाहेरून कांहींहि विचारण्याची आवश्यकता नाहीं. माहिती पूर्णपणें पुरेशी आहे. पण खरी अडचण येथूनच सुरू होते. कारण माहिती पुरेशी असणें ही एक गोष्ट, आणि तींतून उत्तर काढतां येणें ही दुसरी.

ती अडचण ओळखणारा एक ग्रंथकार भारतांतच झाला. नारायण पंडित यानें १३५६ मध्यें गणितकौमुदी लिहिली आणि संख्येचे अवयव काढण्याच्या विषयाला तींत 'भागादान' नांवाचें एक स्वतंत्र प्रकरण दिलें. नेहमींची रीत म्हणजे २, ३, ५, ७ अशा मूळ संख्यांनीं क्रमानें भागून पाहणें. ती तेथें आहेच. पण तिच्या जोडीला दुसरी एक युक्ति सांगितली आहे. ४३९९ ही संख्या घ्यावी. मूळ संख्यांनीं भागीत गेल्यास ३ पासून ५३ पर्यंत पंधरा भागाकार करावे लागतात. नारायणाच्या युक्तीनें ४३९९ हून लगेच मोठा वर्ग शोधावयाचा. तो ६७ चा, ४४८९. अंतर ९०, हा वर्ग नाहीं. पुढचा वर्ग ६८ चा, ४६२४. अंतर २२५, आणि हा १५ चा वर्ग. दोन वर्गांचें अंतर म्हणजे त्यांच्या मुळांची बेरीज आणि वजाबाकी यांचा गुणाकार. म्हणून ६८ आणि १५ यांची बेरीज ८३ व वजाबाकी ५३ हे अवयव झाले. दोन पायऱ्यांत काम आटोपलें. प्रत्येक पायरीस नवा वर्ग करीत बसण्याचेंहि कारण नाहीं. आधींच्या अंतरांत क्रमानें वाढणारी विषम संख्या मिळवीत गेलें कीं पुरे. येथें ९० मध्यें १३५ मिळविले कीं २२५ येतात.

हीच युक्ति आज जगभर फर्माची रीत म्हणून ओळखली जाते. पिएर द फर्मा हा सतराव्या शतकांत फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायसभेचा सदस्य होता. गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद. त्याला नारायणाचा ग्रंथ कळण्याचा संभव नव्हता. गणितकौमुदी काशीहून पद्माकर द्विवेदी यांनीं संपादन करून दोन भागांत छापिली, ती १९३६ आणि १९४२ या वर्षीं. जो ग्रंथ पावणेसहाशें वर्षें छापखान्यापर्यंत पोंचला नाहीं, त्याचें नांव युक्तीला मिळालें नाहीं याबद्दल फर्मास दोष देतां येत नाहीं.

फर्मानें युक्ति समजावून देण्यासाठीं २,०२,७६,५१,२८१ ही संख्या निवडली. तिचे अवयव ४६०६१ आणि ४४०२१. भागीत भागीत ४४०२१ पर्यंत यावयाचें तर चार हजारांहून अधिक मूळ संख्या चाचपाव्या लागतील; फर्माच्या रीतीनें अवघ्या बारा पायऱ्या पुरतात. हा हिशेब ऐकून कोणी हुरळून जाऊं नये. अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच ही रीत चपळ असते. पॅरिसमधील मर्सेन नांवाचा एक ख्रिस्ती साधु त्या काळच्या गणितींचा जणु टपालवाला होता; एकाचे प्रश्न दुसऱ्याकडे पाठविण्याचें काम तो हौसेनें करी. त्यानें १,००,८९,५५,९८,१६९ ही संख्या मूळ आहे कीं नाहीं असें फर्मास विचारलें. १६४३ च्या एप्रिलमधील पत्रांत फर्मानें उत्तर धाडलें कीं, ती ८,९८,४२३ आणि १,१२,३०३ यांचा गुणाकार आहे. येथें अवयव परस्परांपासून बरेच दूर आहेत, आणि वरची युक्ति जशीच्या तशी चालविली तर सुमारें एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार पायऱ्या चढाव्या लागतात.

आतां एका इंग्रज पंडिताची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. विल्यम स्टॅनले जेव्हन्स हा अर्थशास्त्राचा आणि तर्कशास्त्राचा अभ्यासक. १८७४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या विज्ञानाच्या तत्त्वांवरील आपल्या ग्रंथांत त्यानें एक मार्मिक विचार मांडला. कांहीं क्रिया सरळ बाजूनें सोप्या आणि उलट बाजूनें महाकठीण असतात. दोन मूळ संख्यांचा गुणाकार कोणीहि कारकून पांच मिनिटांत करील. पण गुणाकार हातीं देऊन अवयव मागितले तर? उदाहरण म्हणून त्यानें ८,६१,६४,६०,७९९ ही संख्या छापली आणि वर असें लिहिलें कीं, आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाला तिचे अवयव कधीं कळतील असें वाटत नाहीं.

जेव्हन्सचा विचार खरा होता. उदाहरण मात्र फसलें. विसाव्या शतकाच्या आरंभींच अमेरिकन गणिती डी. एन. लेहमर यानें अवयव काढून दाखविले: ८९६८१ आणि ९६०७९. पण याहून गमतीची गोष्ट पुढेंच आहे. हे दोन अवयव बरेच जवळ जवळ आहेत. दिलेल्या संख्येहून लगेच मोठा वर्ग ९२८२५ चा. तेथून आरंभ करून नारायणाच्या युक्तीनें चालत गेलें तर ९२८८० वर काम संपतें. म्हणजे एकूण छप्पन्न पायऱ्या. त्यांतहि बहुतेक पायऱ्यांवर अंतराचे शेवटचे दोन आंकडे पाहूनच तें वर्ग नाहीं हें सांगतां येतें. कारण पूर्ण वर्गाचे शेवटचे दोन आंकडे शंभरांपैकीं बावीसच प्रकारांचे असूं शकतात. काशीच्या पाठशाळेंतल्या एखाद्या धिम्या विद्यार्थ्यालाहि हें काम एका दुपारचें होतें. ज्याचें रहस्य आपण गेल्यावर कोणास उलगडणार नाहीं असें जेव्हन्सला वाटलें, त्याची किल्ली पांचशें अठरा वर्षांपूर्वींच लिहिलेली होती. त्यानें एक लहान आणि एक खूप मोठी अशा दोन मूळ संख्या निवडल्या असत्या, तर निदान या किल्लीनें तें कुलूप उघडलें नसतें.

या कथेला दुसरीहि एक बाजू आहे. एखादी संख्या संयुक्त आहे हें कळणें आणि तिचे अवयव कळणें या दोन गोष्टी एकच आहेत, असा सामान्य समज असतो. फर्मानें १६४० मध्यें जो सिद्धांत कळविला त्यानें या समजुतीला सुरुंग लाविला. दोनाखेरीज कोणतीहि मूळ संख्या घ्या. तिच्याहून एकानें कमी इतका २ चा घात करून त्याला तिनेंच भागलें तर बाकी १ उरते. आतां १५ घ्या. २ चा चौदावा घात १६३८४. त्याला १५ नीं भागल्यास बाकी ४. झालें, १५ मूळ नाहीं. आणि हें ठरवितांना ३ व ५ यांचें नांवहि घ्यावें लागलें नाहीं. उलट ३४१ या कसोटीस उतरते, बाकी १ च उरते. पण ती ११ आणि ३१ यांचा गुणाकार आहे. म्हणजे या कसोटींत नापास होणें हा संयुक्तपणाचा पुरेसा पुरावा. पास होणें हा मूळपणाचा पुरेसा पुरावा नव्हे. पुरेशी आणि अपुरी माहिती यांतला भेद याहून स्वच्छ क्वचितच पाहावयास मिळेल.

मर्सेननें १६४४ मध्यें एक यादी प्रसिद्ध केली होती. २ चा अमुक घात करून त्यांतून १ वजा केला असतां कोणकोणत्या घातांच्या बाबतींत मूळ संख्या मिळते, याची ती यादी. तींत ६७ आणि १२७ हे घात होते. दोनशें बत्तीस वर्षांनीं, १८७६ मध्यें, एदुआर ल्युका या फ्रेंच गणितीनें एक नवी कसोटी बसविली. १२७ च्या बाबतींत मर्सेनचें म्हणणें खरें ठरलें. ती एकोणचाळीस आंकडी मूळ संख्या १९५१ पर्यंत ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी होती. ६७ च्या बाबतींत मात्र तें खोटें निघालें. ती एकवीस आंकडी संख्या संयुक्त होती. अवयव कोणते? ल्युकाजवळ उत्तर नव्हतें. चोरी झाली हें सिद्ध, चोर मात्र बेपत्ता, अशी ही अवस्था सत्तावीस वर्षें टिकली.

१९०३ च्या ऑक्टोबरच्या ३१ तारखेस न्यूयॉर्क येथें अमेरिकन गणितसभेची बैठक भरली होती. फ्रँक नेल्सन कोल हा कोलंबिया विद्यापीठांतील प्राध्यापक फळ्यापाशीं गेला. ई. टी. बेल यांनीं पुढें लिहून ठेविलेल्या आख्यायिकेप्रमाणें त्यानें तोंडांतून एक अक्षर काढलें नाहीं. फळ्याच्या एका बाजूस २ चा ६७ वा घात करून त्यांतून १ वजा केला: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. दुसऱ्या बाजूस १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ या संख्या मांडून हातानें त्यांचा गुणाकार केला. दोन्हीं बाजू जुळल्या. तो जागेवर जाऊन बसला आणि सभेनें टाळ्या वाजविल्या. हें शोधण्यास किती काळ लागला असें बेल यांनीं विचारलें तेव्हां तीन वर्षांचे रविवार, असें उत्तर मिळालें म्हणतात. आख्यायिकेंत पदरची भर किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी गणित पक्कें आहे. दोहोंतला लहान अवयव एकोणीस कोटींच्या पुढचा. त्याच्या आधींच्या मूळ संख्याच एक कोटीहून अधिक भरतात. एकेकीनें भागून पाहण्याचा मार्ग तेथें बंदच होता.

जेव्हन्सनें जें केवळ उदाहरणादाखल सांगितलें होतें, त्याचा व्यवहारांत उपयोग करण्याची कल्पना शंभर वर्षांनीं निघाली. १९७७ मध्यें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेंतील रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनीं एक गुप्तलेखनपद्धति बसविली. तींत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सर्वांना उघड सांगावयाचा. त्याच्या साहाय्यानें कोणीहि संदेशाला कुलूप घालावें. उघडणें मात्र ज्याला अवयव माहीत त्यालाच जमावें. किल्ली चव्हाट्यावर टांगलेली आहे, आणि तरीहि ती कोणाच्या हातीं येत नाहीं! त्या वर्षींच्या ऑगस्टमध्यें मार्टिन गार्डनर यांनीं एका मासिकांतील आपल्या सदरांत एक १२९ आंकडी संख्या छापून अवयवांसाठीं शंभर डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें. काम लक्षावधि वर्षांचें आहे असा तेव्हांचा अंदाज होता. सतरा वर्षांनीं, १९९४ मध्यें, निरनिराळ्या देशांतील सुमारें सहाशें स्वयंसेवकांनीं आपापलीं संगणकयंत्रें एका कामास जुंपून तिचे ६४ आणि ६५ आंकडी अवयव बाहेर काढले. जेव्हन्सप्रमाणेंच येथेंहि भाकीत पुढील पिढीच्या युक्तीनें खोटें पाडलें.

२००२ मध्यें कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेंतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनीं, संख्या मूळ आहे कीं संयुक्त हें अवयव न शोधतां, निश्चितपणें आणि आंकड्यांच्या प्रमाणांत आटोक्यांत राहणाऱ्या श्रमानें ठरविण्याची रीत दाखविली. ल्युकाच्या वाटेवरचा हा फार मोठा पल्ला होता. अवयव शोधण्याची तितकीच सुलभ रीत मात्र साध्या संगणकासाठीं कोणासहि सांपडलेली नाहीं. आणि ती असूंच शकत नाहीं, असेंहि कोणीं सिद्ध केलेलें नाहीं.

गुप्तलेखनाचा व्यवसाय करणाऱ्या एका संस्थेनें आव्हानादाखल ज्या संख्या प्रसिद्ध केल्या होत्या, त्यांतील सर्वांत मोठी ६१७ आंकडी आहे. तिच्या अवयवांसाठीं दोन लाख डॉलरांचें बक्षीस होतें. तें २००७ मध्यें मागें घेण्यांत आलें तेव्हांपर्यंत कोणीं मिळविलें नव्हतें. ज्या यंत्रावर ती संख्या तयार केली त्यांतील नोंदींची तबकडी संस्थेनें नष्ट करून टाकिली. जेव्हन्सच्या संख्येचे अवयव निदान जेव्हन्सला तरी ठाऊक होते. या संख्येचे तिच्या कर्त्यांनाहि ठाऊक नाहींत.